व्हिकी : ९९ दिवसांची जर्मन सम्राज्ञी – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जर्मन सम्राज्ञी व्हिक्टोरिया म्हणजे नेमकी कुठली?

हा घोळ सगळ्यांचाच होतो. जर्मन साम्राज्य १८७१ ते १९१८ एवढंच टिकलं आणि त्यात सम्राज्ञी झाल्या तीन. पहिली ऑगस्टा, दुसरी व्हिक्टोरिया, तिसरी ऑगस्टा व्हिक्टोरिया. सासू, सून आणि नातसून. नावं ठेवणाऱ्यांनी पुढच्या वाचकांचा जराही विचार केलेला नाही. इथले प्रश्न मधलीविषयी आहेत. जन्म २१ नोव्हेंबर १८४०, बकिंगहॅम राजवाडा, लंडन. मृत्यू ५ ऑगस्ट १९०१, क्रोनबर्ग, जर्मनी. घरात तिला व्हिकी म्हणत, आणि नवऱ्याला, म्हणजे जेमतेम ९९ दिवस राज्य केलेल्या सम्राट फ्रीडरिख तिसऱ्याला, फ्रिट्झ. इथेही तीच नावं वापरली आहेत, म्हणजे विल्हेल्म आणि व्हिक्टोरियांच्या गर्दीत वाट चुकणार नाही.

आपल्याकडच्या राणी व्हिक्टोरियाशी तिचं नातं काय?

सख्खी मुलगी, तीही थोरली. मुंबईचं व्हिक्टोरिया टर्मिनस जिच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवात, १८८७ मध्ये, तिच्या नावाने ओळखलं जाऊ लागलं, ती राणी ही व्हिकीची आई.

यात एक गमतीचा धागा आहे. १८७१ मध्ये जर्मन साम्राज्य स्थापन झालं आणि व्हिकीचा नवरा साम्राज्याचा युवराज झाला. म्हणजे मुलगी पुढेमागे सम्राज्ञी होणार आणि आई मात्र नुसती राणी राहणार. राणीने ‘भारताची सम्राज्ञी’ हा किताब घेण्याचा आग्रह धरला, त्यामागे हेही एक कारण असल्याचं इतिहासकार सांगतात. १ जानेवारी १८७७ ला दिल्ली दरबारात त्या किताबाची द्वाही फिरली. पुण्याच्या सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, त्या दरबारात हातमागाची खादी नेसून गेले होते. लंडन-बर्लिनच्या मायलेकींच्या मानपानाचा एक पदर तिथवर पोचलेला होता, म्हणायला हरकत नाही.

लग्न प्रेमाचं होतं की राजकारणाचं?

दोन्ही. असं क्वचित घडतं.

व्हिकीचा बाप प्रिन्स अल्बर्ट मूळचा कोबर्गचा जर्मन. जर्मनीतली विखुरलेली राज्यं प्रशियाच्या पुढाकाराने एक व्हावीत, आणि त्या जर्मनीत इंग्लंडसारखी संसद असावी, हे त्याचं स्वप्न. हुशार थोरल्या लेकीला त्याने स्वतः शिकवलं, इतिहास आणि राज्यशास्त्रासकट. ती प्रशियाची राणी झाली की हे स्वप्न सासरी घेऊन जाईल, असा त्याचा हिशेब होता.

१८५१ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जगभरच्या वस्तूंचं मोठं प्रदर्शन भरलं. प्रशियाचा राजपुत्र फ्रिट्झ आईवडिलांबरोबर ते पाहायला आला. तो १९ वर्षांचा, ती १० वर्षांची. प्रदर्शनात तिनेच त्याला फिरवलं, अस्खलित जर्मनमध्ये माहिती देत. चार वर्षांनी, सप्टेंबर १८५५ मध्ये, तो स्कॉटलंडमध्ये बाल्मोरलला पुन्हा आला, डोंगरावर फिरताना पांढऱ्या हेदरची (हे एक रानझुडूप) डहाळी तिला दिली आणि विचारलं. ती जेमतेम १४ पार केलेली. सतरा पूर्ण होईपर्यंत लग्न करायचं नाही, असं आईवडिलांनी ठरवलं.

लग्न कुठे, यावरून चांगलीच ओढाताण झाली. प्रशियाचा आग्रह बर्लिनचा. राणीने ठणकावलं की इंग्लंडच्या राणीच्या थोरल्या मुलीचं लग्न काही रोज होत नाही. अखेर २५ जानेवारी १८५८ ला लंडनच्या सेंट जेम्स राजवाड्यातल्या चॅपलमध्ये लग्न लागलं. त्यात मेंडेल्सन या संगीतकाराची वेडिंग मार्च वाजली आणि तिथून ती धून घराघरांतल्या लग्नांत गेली. ब्रिटिश संसदेने ४० हजार पौंड हुंडा आणि वर्षाला ८ हजार पौंड नेमणूक मंजूर केली. त्या दिवसापासून फ्रिट्झच्या मरणापर्यंत, तीस वर्षं, या दोघांचं एकमेकांवर मनापासून प्रेम होतं. याबाबत शत्रूंनीही कधी शंका घेतली नाही. उलट त्यांची तक्रार होती की तो बायकोचं फार ऐकतो.

सासरी तिचं कसं झालं?

वाईट. पहिला हिवाळा बर्लिनच्या जुन्या राजवाड्यात काढावा लागला. अंधारे बोळ, गारठलेल्या खोल्या, न्हाणीघराचा पत्ता नाही. त्यातली एक खोली म्हणजे आधीचा राजा वारला ती, जशीच्या तशी ठेवलेली, आणि येताजाता तीच ओलांडायची, असं सांगतात. सतरा वर्षांच्या पोरीला हे सगळं नवं. काही महिन्यांनी त्यांना उंटर डेन लिंडेन रस्त्यावरचा वेगळा वाडा मिळाला.

पण खरी अडचण भिंतींची नव्हती. प्रशियाच्या दरबारात सुनेने मुलं जन्माला घालावीत, समारंभात उभं राहावं आणि गप्प बसावं अशी रीत. व्हिकी वर्तमानपत्रं वाचायची, चित्रं काढायची, शास्त्रज्ञांना घरी बोलवायची, राजकारणावर मत द्यायची. आणि मत द्यायची ते तोंडावर. त्यात सासरी राहून माहेरचे गोडवे गायची खोड. इंग्लंडात घरं अशी, इंग्लंडात नोकर असे, इंग्लंडात संसद अशी. बर्लिनमधल्या मानकऱ्यांना वाटायचं की ही नाकाने कांदे सोलते. उलट माहेरी गेली की ती प्रशियाची बाजू इतक्या हिरिरीने मांडायची की भावंडं वैतागायची. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, त्यातली गत.

तिच्या कामाविषयी मात्र फारसं बोललं जात नाही. मुलींना उच्च शिक्षण देणारं बर्लिनचं व्हिक्टोरिया लायसियम, बायकांना हाताला काम मिळावं म्हणून १८६६ मध्ये निघालेली लेटे संस्था, परिचारिकांचं प्रशिक्षण, बर्लिनचं कलाकुसरीचं संग्रहालय, या सगळ्यांना तिचा आधार होता. पॉट्सडॅमजवळ बोर्नस्टेटला ती आणि फ्रिट्झ स्वतः शेती सांभाळत. १८८० मध्ये बर्लिनमध्ये ज्यूद्वेषाची लाट उठली तेव्हा हे दोघं मुद्दाम सिनेगॉगमधल्या प्रार्थनेला जाऊन बसले. फ्रिट्झने ज्यूद्वेषाला शतकाचा कलंक म्हटलं. तेही उघडपणे.

बिस्मार्कशी एवढं वैर का?

सप्टेंबर १८६२. सैन्याच्या खर्चावरून राजा विल्हेल्म (व्हिकीचे सासरे) आणि संसद यांच्यात पेच पडला. राजाने राजत्यागाचा मसुदाच लिहून मुलापुढे ठेवला. व्हिकीने नवऱ्याला सांगितलं, घे. फ्रिट्झने नकार दिला. बापाच्या हयातीत बापाची गादी घेणं त्याला पटेना. राजाने मग बिस्मार्कला पंतप्रधान म्हणून बोलावलं आणि पुढची २८ वर्षं बिस्मार्क हलला नाही. माझ्या मते व्हिकीच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस तो. ९९ दिवसांची चर्चा होते, पण हाताशी आलेली पंचवीस वर्षं त्या दिवशी गेली.

पुढच्याच वर्षी, ५ जून १८६३ ला, फ्रिट्झने डान्झिगमध्ये जाहीर भाषणात वृत्तपत्रांवरच्या बंधनांविषयी नापसंती बोलून दाखवली. बाप भडकला. फ्रिट्झने माफी मागितली नाही, पण पुन्हा तसं बोललाही नाही. बिस्मार्कने ओळखलं की या जोडप्यात कणा कुठे आहे, आणि तेव्हापासून तो व्हिकीला पाण्यात पाहू लागला. ‘ती इंग्रज बाई’ हा शब्द बर्लिनमध्ये शिवीसारखा वापरला जाऊ लागला.

ती खरंच इंग्लंडची हेर होती का?

नाही. आईला ती फार मोकळेपणाने लिहायची आणि त्यात कधी कधी लिहू नये तेही असायचं, एवढंच. डेन्मार्क आणि फ्रान्सशी झालेल्या युद्धांत तिने आईशी भांडून प्रशियाचा पक्ष घेतला होता.

तिला मुलं किती?

आठ. विल्हेल्म (१८५९), शार्लट (१८६०), हाइनरिख (१८६२), सिगिस्मुंड (१८६४), व्हिक्टोरिया (१८६६), वाल्डेमार (१८६८), सोफी (१८७०) आणि मार्गारेट (१८७२).

यांतले दोन मुलगे लहानपणीच गेले. सिगिस्मुंड २१ महिन्यांचा असताना, जून १८६६ मध्ये, मेंदूज्वराने. फ्रिट्झ तेव्हा ऑस्ट्रियाविरुद्धच्या युद्धावर निघून गेला होता आणि घरचे डॉक्टरही सैन्याबरोबर गेले होते. पंधरा दिवसांनी त्याच फ्रिट्झच्या फौजेने कोनिग्ग्रेट्सची लढाई जिंकून दिली. सगळं प्रशिया दिवाळी करत होतं आणि व्हिकीच्या घरात पाळणा रिकामा. वाल्डेमार ११ वर्षांचा होऊन मार्च १८७९ मध्ये घटसर्पाने गेला. तीनच महिन्यांपूर्वी तिची धाकटी बहीण ॲलिस त्याच रोगाने गेली होती. वाल्डेमार व्हिकीचा सगळ्यात लाडका. त्याने आपली पाळलेली सुसर आजीच्या खोलीत सोडून दिली होती, असा किस्सा सांगतात. आजी म्हणजे राणी व्हिक्टोरिया.

शार्लटला १८७९ मध्ये मुलगी झाली आणि व्हिकी ३८ व्या वर्षी आजी झाली. राणी व्हिक्टोरिया साठीच्या उंबरठ्यावर पणजी.

थोरल्या मुलाच्या हाताचं काय झालं होतं?

२७ जानेवारी १८५९. आई १८ वर्षांची, बाळ पायाळू. जर्मन प्रसूतितज्ज्ञ डॉक्टर मार्टिन यांना बोलावण्याची चिठ्ठी माणसाकरवी न पाठवता टपालात टाकली गेली, त्यामुळे ते उशिरा पोचले. आई आणि मूल वाचले हेच नवल. पण ओढून बाहेर काढताना बाळाच्या डाव्या खांद्याच्या नसा दुखावल्या. हात लुळा राहिला, आणि मोठेपणी तो उजव्यापेक्षा सुमारे १५ सेंटिमीटर आखूड होता. पुढे कैसर, म्हणजे जर्मन सम्राट, झालेल्या या विल्हेल्म दुसऱ्याची छायाचित्रं नीट पाहा. डावा हात खिशात, तलवारीच्या मुठीवर, नाहीतर त्यात हातमोजे धरलेले.

उपाय जे झाले ते वाचवत नाहीत. नुकत्याच मारलेल्या सशाच्या ऊबदार शरीरात हात खुपसून ठेवायचा, म्हणजे प्राण्याची शक्ती उतरेल. धड हात बांधून ठेवायचा, म्हणजे लुळा वापरेल. विजेचे झटके. मान वाकडी होऊ लागली म्हणून पाठीला लोखंडी सळी लावलेलं यंत्र, मग शस्त्रक्रिया. घोड्यावर तोल जायचा, तर हिन्झपेटर नावाचा शिक्षक त्याला पुन्हा पुन्हा खोगिरावर चढवायचा. पोर पडायचं, रडायचं, पुन्हा वर. अखेर तो उत्तम घोडेस्वार झाला. कुठल्या किमतीला, हा प्रश्न वेगळा.

आईमुलाचं का बिनसलं?

लोक एका हातावर सगळं ढकलतात, ते मला पुरेसं वाटत नाही. व्हिकीला मुलगा आपल्या बापासारखा, अल्बर्टसारखा, घडवायचा होता. अभ्यास, विनम्रता, उदारमत. पोराला वर्दी, बँड आणि आजोबांची वाहवा आवडायची. ती त्याच्या पत्रांतल्या चुका काढायची. तो गार्ड रेजिमेंटमध्ये गेला आणि तिथे त्याला पहिल्यांदा कुणीही न सुधारता नुसतं डोक्यावर घेतलं. बिस्मार्कने ही फट हेरली आणि नातवाला आजोबांच्या बाजूला ओढून घेतलं.

एक विनोद नियतीने केला तो असा. १८८१ मध्ये विल्हेल्मचं लग्न ऑगस्टा व्हिक्टोरियाशी झालं. घरातल्या सगळ्यांचा विरोध असताना हे स्थळ व्हिकीनेच लावून धरलं होतं. आलेली सून कर्मठ, पुराणमतवादी आणि इंग्रजांचा तिटकारा करणारी निघाली.

फ्रिट्झच्या आजारात इंग्रज डॉक्टरमुळे घात झाला, हे खरं का?

अर्धंच. १८८७ च्या सुरुवातीला फ्रिट्झचा आवाज बसला. मे महिन्यात जर्मन डॉक्टरांना कर्करोगाचा संशय आला आणि त्यांनी घसा उघडून शस्त्रक्रिया करायचं ठरवलं. त्या काळी अशा शस्त्रक्रियेतून वाचणारे थोडे. मॉरेल मॅकेन्झी या लंडनच्या घशाच्या तज्ज्ञाला बोलवावं, यावर जर्मन डॉक्टरही राजी होते. व्हिकीने परस्पर आणला ही कथा नंतर पसरवलेली. मॅकेन्झीने गाठीचा तुकडा काढला, जर्मनीचे सर्वश्रेष्ठ विकृतिशास्त्रज्ञ फिरखोव यांनी तपासला, आणि त्यात कर्करोग दिसला नाही. शस्त्रक्रिया रद्द.

जूनमध्ये लंडनला राणीच्या सुवर्णमहोत्सवी मिरवणुकीत फ्रिट्झ पांढऱ्या लष्करी पोशाखात घोड्यावर बसून गेला. लोक बघत राहिले. नोव्हेंबरात इटलीच्या सान रेमोमध्ये कर्करोगाचं निदान पक्कं झालं. ९ फेब्रुवारी १८८८ ला श्वास कोंडू लागला म्हणून गळ्याला भोक पाडून नळी बसवली. आवाज कायमचा गेला. ९ मार्चला ९० वर्षांचे विल्हेल्म पहिले वारले आणि सान रेमोतला मुका रोगी सम्राट झाला. बर्लिनला पोचल्यावर तो कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहून राज्य चालवू लागला.

व्हिकीची चूक शोधायचीच तर ती आशेची. ती शेवटपर्यंत मॅकेन्झीवर विश्वास ठेवत राहिली आणि लोकांसमोर हसतमुख राहिली. बर्लिनच्या वर्तमानपत्रांनी त्याचाही अर्थ वाईट लावला.

त्या ९९ दिवसांत दोघांनी काय केलं?

फारसं काही नाही. करता येण्यासारखं नव्हतंच. गादीवर येताच फ्रिट्झने बायकोला ‘ब्लॅक ईगल’ हा प्रशियाचा सर्वोच्च सन्मान दिला. काही उदारमतवाद्यांचा गौरव केला. जूनमध्ये पुट्टकामर या कडव्या गृहमंत्र्याला काढलं. १५ जून १८८८ ला पॉट्सडॅमच्या नव्या राजवाड्यात तो गेला. एकाच वर्षात जर्मनीने तीन सम्राट पाहिले.

मुलाने आईच्या वाड्याला वेढा घातला होता म्हणतात. खरं?

खरं. फ्रिट्झने डोळे मिटताच हुसार घोडेस्वारांची तुकडी राजवाड्याभोवती उभी राहिली. परवानगीशिवाय कुणी बाहेर जायचं नाही. विल्हेल्म दुसरा बापाचे कागद शोधत होता. आई ते इंग्लंडला पळवील अशी भीती. नवऱ्यावर वाहायला गुलाब आणायला ती बागेत गेली तर शिपायाने अडवलं, असं सांगतात. कागद काही मिळाले नाहीत. आदल्या वर्षीच्या महोत्सवाला जातानाच त्यांच्या पेट्या इंग्लंडला पोचवून झाल्या होत्या. फ्रिट्झने राजवाड्याला फ्रीडरिख्सक्रोन असं नाव दिलं होतं, तेही मुलाने लगोलग पुसून टाकलं.

त्यानंतर तिने स्वतःला ‘सम्राज्ञी फ्रीडरिख’ म्हणवून घेतलं. नवऱ्याचं नाव निदान आपल्या नावात तरी राहावं म्हणून.

राणी व्हिक्टोरियाच्या वंशातला हिमोफिलिया, म्हणजे रक्त न गोठण्याचा आनुवंशिक रोग, व्हिकीकडून पसरला का?

तिच्याकडून नाही. हाइनरिखच्या मुलांना तो झाला, पण त्यांच्या आईकडून. हाइनरिखची बायको इरेन ही बहीण ॲलिसची मुलगी.

मुलींचं पुढे काय झालं?

शार्लटचं आईशी कधी धड जमलं नाही. मधल्या व्हिक्टोरियाची गोष्ट नाटकात शोभावी अशी. बल्गेरियाचा प्रिन्स अलेक्झांडर बॅटनबर्ग याच्याशी तिचं लग्न व्हावं म्हणून व्हिकी वर्षानुवर्षं झटली. रशिया बिथरेल म्हणून बिस्मार्क आडवा आला. एप्रिल १८८८ मध्ये खुद्द राणी व्हिक्टोरिया बर्लिनला आली, बिस्मार्कला भेटली, आणि तो घाम पुसत बाहेर आला. बाई मानली पाहिजे, असं तोच म्हणाला. लग्न मात्र झालं नाही. अलेक्झांडरने पुढे एका गायिकेशी संसार थाटला. या व्हिक्टोरियाने १८९० मध्ये एका जर्मन राजपुत्राशी लग्न केलं, विधवा झाली, आणि १९२७ मध्ये साठी पार केल्यावर पस्तिशी खूप लांब असलेल्या एका रशियन तरुणाशी पुन्हा लग्न केलं. त्याने तिचं होतं नव्हतं ते उडवलं. १९२९ मध्ये घरातल्या सामानाचा लिलाव झाला आणि त्याच वर्षी ती गेली.

सोफी ग्रीसच्या युवराजाला दिली. तिने ऑर्थोडॉक्स पंथ स्वीकारला तेव्हा भाऊ विल्हेल्मने तिला तीन वर्षं जर्मनीत पाऊल ठेवायची बंदी घातली. मार्गारेट हेसच्या घरात गेली. तिचा नवरा १९१८ मध्ये फिनलंडचा राजा म्हणून निवडला गेला, पण गादीवर बसायच्या आतच तो बेत बारगळला.

तिचा कुणी नातेवाईक महाराष्ट्रात राहून गेला का?

हो, सख्खा भाऊ. आर्थर, ड्यूक ऑफ कॅनॉट. १८८६ ते १८९० मध्ये तो मुंबई लष्कराचा सरसेनापती होता. महाबळेश्वरचं कॅनॉट पीक त्याच्याच नावाचं. त्याची बायको लुईझ मार्गारेट ही प्रशियाची राजकन्या, म्हणजे व्हिकीच्या सासरची. बर्लिनमध्ये बहिणीचा नवरा मरत होता तेव्हा भावाचा मुक्काम आपल्या मुलखात होता.

शेवटची वर्षं कशी गेली?

फ्रँकफर्टजवळ टाउनस डोंगराच्या पायथ्याशी, क्रोनबर्गला, तिने एक मोठा वाडा बांधला. पैसा आला तो बराचसा एका श्रीमंत मैत्रिणीच्या मृत्युपत्रातून. वाड्याचं नाव फ्रीडरिख्सहोफ, आणि वर लॅटिनमध्ये ‘फ्रीडरिखच्या स्मरणार्थ’. गुलाब, पुस्तकं, जुन्या वस्तू, नातवंडं. पुढे स्तनाचा कर्करोग झाला आणि तो पाठीच्या कण्यात उतरला. वेदना अशा की तिचं ओरडणं ऐकवत नसे. २२ जानेवारी १९०१ ला आई गेली तेव्हा तिला अंथरुणातून उठणंही शक्य नव्हतं. आजीच्या अखेरच्या घटकेला विल्हेल्म जवळ होता, मुलगी नव्हती.

पत्रांच्या ट्रंकांची गोष्ट काय आहे?

मायलेकींनी ४३ वर्षं एकमेकींना लिहिलेल्या पत्रांची संख्या साडेसात हजारांच्या वर जाते. आईला लिहिलेली पत्रं व्हिकीने परत मागवून घेतली होती. फेब्रुवारी १९०१ मध्ये भाऊ, म्हणजे नवा राजा एडवर्ड सातवा, तिला भेटायला क्रोनबर्गला आला. त्याच्याबरोबर त्याचा सहायक खासगी चिटणीस फ्रेडरिक पॉन्सन्बी. तिने पॉन्सन्बीला बोलावून सांगितलं की ही पत्रं इंग्लंडला न्या, मुलाला कळता कामा नये. त्याला वाटलं लहानसं पुडकं असेल. रात्री एकच्या सुमारास चार माणसांनी दोन भल्यामोठ्या पेट्या खोलीत आणून ठेवल्या. त्याने एकीवर ‘पुस्तकं, जपून’ आणि दुसरीवर ‘चिनी मातीची भांडी, जपून’ असं लिहिलं, आणि कैसरच्या माणसांच्या डोळ्यांदेखत त्या स्वतःच्या सामानात नेल्या. ऑगस्टमध्ये ती गेल्यावर वाडा पुन्हा धुंडाळला गेला. पुन्हा काही मिळालं नाही.

१९२८ मध्ये पॉन्सन्बीने निवडक पत्रं छापली. पदच्युत विल्हेल्म तेव्हा हॉलंडमध्ये डोर्नला राहत होता. त्याने आधी ते थांबवायचा प्रयत्न केला, मग जर्मन अनुवादाचे हक्क विकत घेतले आणि स्वतःची प्रस्तावना जोडली. आई फार संवेदनशील होती, तिचं सगळंच खरं धरू नका, असा सूर. सत्तरीला टेकलेला मुलगा अजून आईला उत्तर देत होता.

आज तिच्या वंशातलं कुणी गादीवर आहे का?

स्पेनचे राजे फेलिपे सहावे. त्यांची आई सोफिया ही ग्रीसच्या पॉल राजाची मुलगी, पॉल हा सोफीचा मुलगा. आणि पॉलची राणी फ्रेडरिका ही कैसर विल्हेल्मची नात. म्हणजे भांडलेल्या भावाबहिणीच्या दोन्ही शाखा त्या एका घरात पुन्हा एकत्र आल्या.

समाधी आणि वाडा पाहता येतो का?

समाधी पॉट्सडॅमला, फ्रीडेन्सकिर्शे या चर्चला लागून. शेजारी फ्रिट्झ, आणि जवळच सिगिस्मुंड आणि वाल्डेमार. क्रोनबर्गचा वाडा धाकट्या मार्गारेटकडे गेला. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैन्याने तो ताब्यात घेतला, आणि तळघरात पुरून ठेवलेले घराण्याचे दागिने काही अमेरिकन अधिकाऱ्यांनीच लांबवले. १९४६ मध्ये त्यांच्यावर खटला झाला, थोडे दागिने परत मिळाले. आता तिथे महागडं हॉटेल आहे. बागेच्या मोठ्या भागावर गोल्फचं मैदान आहे.